भाताचे रक्षण : वाण आणि मित्रजीव

तपकिरी तुडतुडा हा भातावरील अगदी लहानसा कीटक आहे. परंतु त्याचे थवे खोडाच्या बुंध्याशी बसून रस शोषू लागले, की हिरवेगार पीक काही दिवसांतच वाळून जळाल्यासारखे दिसते. अशा वेळी फवारणी हाच खात्रीचा उपाय, असे सामान्यतः मानले जाते. इंडोनेशियाचा अनुभव मात्र निराळा आहे.

१९८४ साली हा देश तांदळाच्या बाबतीत स्वावलंबी झाला. पण दोनच वर्षांत तुडतुड्यांनी तेथे थैमान घातले. सरकारी अनुदानामुळे कीटकनाशके स्वस्त होती आणि फवारण्याही भरपूर होत होत्या. मग कीड का वाढली? तुडतुड्याची मादी पानाच्या देठाकडील आवरणाच्या आत अंडी घालते. तेथे औषध पोहोचत नाही. उलट तुडतुडे खाणारे कोळी व त्यांची अंडी शोषणारे मिरीड ढेकूण मात्र मरतात. अंड्यांतून निघालेल्या पिलांना मग शत्रूच उरत नाही.

दुसरा उपाय प्रतिकारक्षम वाणांचा. फिलिपाईन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेचे ‘आयआर २६’ हे वाण १९७३ साली प्रसारित झाले. त्याची प्रतिकारशक्ती एकाच प्रमुख जनुकावर अवलंबून होती. या वाणावर जगू शकणाऱ्या मोजक्या तुडतुड्यांची संतती वाढत गेली आणि काही वर्षांतच ती शक्ती निष्प्रभ ठरली.

म्हणून वाण आणि मित्रजीव यांची सांगड घालणे हिताचे ठरते. मध्यम प्रतिकारक्षम वाणावर कीड पूर्णपणे मरत नाही. परंतु तिची वाढ मंदावते व ती अंडीही कमी घालते. पुरेसा रस न मिळाल्याने ती रोपावर भटकत राहते आणि कोळ्यांच्या तावडीत सापडते. एरवी किडीच्या वाढीपुढे मागे पडणारे मित्रजीव आता तिला गाठू शकतात. थोडी कीड शिल्लक राहिल्याने त्यांनाही भक्ष्य मिळते.

इंडोनेशियाने १९८६ साली ५७ कीटकनाशकांच्या भातावरील वापरास बंदी घातली. पुढे १९८९ पासून शेतीशाळा भरू लागल्या. तेथे शेतकरी रोपांच्या बुंध्याशी वाकून तुडतुड्यांबरोबर कोळीही मोजत आणि मगच निर्णय घेत. शेतातील प्रत्येक कीटक शत्रू नसतो, हे ओळखणे हाच पीकसंरक्षणाचा पहिला धडा होय.