वायादोलिदमधला पहिला शनिवार-रविवार

परदेशात शिकवायला गेलेल्या माणसाचे सुरुवातीचे दिवस कागदपत्रांत, वेळापत्रकात आणि घर लावण्यातच जातात. शहराची खरी ओळख होते ती पहिल्या सुट्टीला. भिलाई परिसराने या अनुभवाची दुसरी बाजू पाहिली आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला आणि तिकडचे तज्ज्ञ इथल्या लोकांना काम शिकवायला येऊन राहिले. त्यामुळे रायपूर-भिलाई रस्त्यावरच्या कुम्हारीतून उद्या कुणी स्पेनमध्ये शिकवायला निघाले, तर त्यात नवल वाटायला नको.

तशी वाट आहेही. भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेने, म्हणजे आयसीसीआरने, परदेशी विद्यापीठांत भारतीय भाषांची अध्यासने सुरू केली. त्यांतले हिंदीचे एक स्पेनच्या वायादोलिद विद्यापीठातले. याच शहरात २००३ साली नगरपालिका, विद्यापीठ आणि भारतीय दूतावास यांनी मिळून ‘कासा दे ला इंडिया’ ही संस्था उभी केली. माद्रिदहून वेगवान रेल्वेने इथे यायला साधारण तासभर लागतो.

पहिल्या शनिवारी आधी घड्याळाशी जुळवून घ्यावे लागते. दुपारचे जेवण दोननंतर, रात्रीचे नऊच्या पुढे. १९४० साली स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीने घड्याळे एक तास पुढे केली, ती तशीच राहिली. त्यामुळे संध्याकाळी सातला जेवायला निघालेल्या पाहुण्याला अनेक ठिकाणी स्वयंपाकघर बंद मिळते. शाकाहारी माणसाने तर आणखी सावध राहावे. ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही. भाज्यांच्या सँडविचमध्येही पुष्कळदा टूना मासा असतो. मासा आणि हॅम दोन्ही नको, असे स्पष्ट सांगावे. बटाटा-अंड्याचा जाडसर ‘तोर्तिया’ मात्र जवळपास सगळीकडे मिळतो. अंडे चालत असेल, तर पोटाचा प्रश्न सुटला.

फिरण्याची सुरुवात प्लाझा मायोरपासून करावी. १५६१ च्या आगीत शहराचा मध्यभाग जळाला. त्यानंतर दुसऱ्या फिलिप राजाच्या काळात हा चौक नव्याने आखून बांधला गेला. एकसारख्या इमारती आणि खाली कमानींची सावली, अशी ही रचना पुढे माद्रिदच्या चौकालाही आदर्श ठरली. १६०१ ते १६०६ या काळात वायादोलिद स्पेनची राजधानी होते. त्याच सुमारास कादंबरीकार सर्व्हान्तेस इथे राहत होता. ‘डॉन किहोते’चा पहिला भाग १६०५ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हाही त्याचा मुक्काम इथेच होता. त्याचे घर आता संग्रहालय आहे. कोलंबसचा मृत्यूही याच शहरात झाला, १५०६ साली.

वेळ कमी असेल तर बाकी सगळे सोडावे, पण राष्ट्रीय शिल्पसंग्रहालय सोडू नये. सान ग्रेगोरिओ या जुन्या विद्यालयाच्या वास्तूत ते आहे. इथली बरीच शिल्पे लाकडाची, वर रंगवलेली. ग्रेगोरिओ फेर्नांदेसने घडवलेला मृत ख्रिस्त जवळून पाहावा: अर्धवट मिटलेले डोळे काचेचे, नखे शिंगाची, जखमांवरचे रक्त साकळल्यासारखे दिसावे म्हणून बुचाच्या सालीचा वापर. सतराव्या शतकातल्या भाविकाला हे दुःख अगदी समोर घडल्यासारखे दिसावे, हा त्यामागचा हेतू होता.

याच वास्तूत १५५०-५१ मध्ये एक मोठा वाद झडला. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांवर युद्ध लादण्याचा स्पेनला अधिकार आहे का, हा त्याचा विषय. बार्तोलोमे दे लास कासास त्या लोकांच्या बाजूने बोलले, हुआन हिनेस दे सेपुल्वेदा विरोधात. ठाम निकाल लागला नाही. तरीही एका साम्राज्याने भर सत्तेच्या काळात स्वतःच्या विजयाची चौकशी करावी, ही मोठी गोष्ट आहे. वसाहत म्हणून जगलेल्या देशातून आलेल्या शिक्षकाने इथे घटकाभर थांबायलाच हवे.

रविवारी कांपो ग्रांदे बागेत जावे. तिथे मोर मोकळे फिरतात, लहान मुलांच्या अगदी पायाशी येतात. भारतातून गेलेल्या माणसाला ओळखीचे कुणी भेटल्याचा आनंद होतो.

निघण्यापूर्वी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. दूध, पाव, भाजी शनिवारीच घेऊन ठेवावी, कारण रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात. आणि शिल्पसंग्रहालय शनिवारी दुपारी चारनंतर व रविवारी सकाळी विनामूल्य पाहता येते. सोमवारी ते बंद असते.