मोंढ्यातला हिशोब आणि ॲक्सेसची २ जीबी

हिंगोली-वसमतच्या मोंढ्यात हळदीची आवक वाढली की आडत दुकानातल्या एक्सेल शीटचा दम निघतो. एकाच शेतकऱ्याचं नाव तीन प्रकारे टाइप झालेलं असतं, मग त्याची उचल आणि पट्टी जुळणार कशी? अशा दुकानाला मी मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस मनापासून सुचवेन. फुकटात हवं तर लिबरऑफिस बेस आहेच. शेतकऱ्यांचा तक्ता वेगळा, आवकेचा वेगळा. आवकेत नाव लिहायचंच नाही, फक्त शेतकरी क्रमांक. कांडी की गट्टू, कट्टे, वजन, भाव भरला की हमाली-तोलाई वजा होऊन पट्टी छापून हातात!

दोन-चार जण वापरणार असतील तर फाइलचे दोन भाग कराच: डेटा एका संगणकावर, फॉर्म प्रत्येकाच्या. वायफायवर मात्र चालवू नका. मध्येच कनेक्शन तुटलं तर फाइल बिघडू शकते.

ॲक्सेस हे १९९२ पासूनचं सॉफ्टवेअर, पण फाइलची मर्यादा २ जीबीच. कागदावर २५५ जण एकदम चालतात. माझ्या मते दहा-पंधरा झाले की मुक्काम हलवा. वसमतचं दुकान आणि हिंगोलीचं गोदाम एकाच नोंदीवर हवं असेल, तर लगेच. तेव्हाही मेहनतीने केलेले फॉर्म टाकून देऊ नका. तक्ते एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेस किंवा पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये न्या, दोन्ही मोफत आहेत, आणि जुने फॉर्म ओडीबीसीने त्यांना जोडा. हे काम हंगामाआधी उरका. रोजचा बॅकअप मात्र आजपासून.