परदेशात शिकवायला जाताय? आधी कागद बघा

आमच्या महिला मंडळाच्या मदत केंद्रात पूर्वी रेशनकार्ड, निराधार योजना, सासरचा जाच असेच प्रश्न यायचे. ते अजूनही येतात. पण आता सिन्नर, निफाड, दिंडोरीकडची एखादी बी. ए., बी. एड. झालेली मुलगी येते, आईला बाहेरच्या बाकावर बसवते आणि हळूच विचारते, ‘‘काकू, परदेशात इंग्रजी शिकवायची नोकरी मिळते म्हणतात, खरं का हो?’’

खरं आहे. मिळते. पण कुठल्या देशात आणि कुठल्या कागदांवर, हे आधी समजून घ्यायला हवं. नाहीतर एजंटाचे खिसे भरतात आणि मुलीची फाइल कपाटात पडून राहते.

पहिली गोष्ट जरा कडू आहे. काही देशांत तुमचं इंग्रजी किती चांगलं, यापेक्षा पासपोर्ट कुठल्या देशाचा हे आधी बघतात. दक्षिण कोरियात इंग्रजी शिक्षकांचा नेहमीचा व्हिसा अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांसाठीच आहे. १ जानेवारी २०१० पासून लागू झालेल्या भारत-कोरिया व्यापार करारामुळे आपल्यासाठीही थोडी फट उघडली. इंग्रजीची पदवी आणि शिक्षकाची पात्रता असलेल्या भारतीयांना सरकारी शाळांत सहायक म्हणून घेण्याची तरतूद त्यात आहे. जपानमध्ये शाळेत शिकवण्याच्या व्हिसासाठी भाषा शिकवणाऱ्याचं स्वतःचं बारा वर्षांचं शिक्षण त्या भाषेत झालेलं लागतं. म्हणजे मराठी माध्यमातून दहावी झालेली मुलगी तिथे अडते. आपल्या मुलींना सगळ्यात जवळचा रस्ता आहे तो आखाती देशांतल्या भारतीय शाळांचा. तिथे सीबीएसईचा अभ्यासक्रम असतो आणि बी. एड.ला किंमत असते.

एवढी चौकशी कशाला?

‘मी काय चोर आहे का?’ पोलिसांचा दाखला म्हटला की हा प्रश्न हमखास येतो. पण त्यामागे कारण आहे. २००७ च्या ऑक्टोबरमध्ये कॅनडाचा एक इंग्रजीचा शिक्षक थायलंडमध्ये पकडला गेला. लहान मुलांवर अत्याचार करणाऱ्या या माणसाला शोधण्यासाठी इंटरपोलने त्याचा फोटो जगजाहीर केला होता. पकडला जाण्याच्या थोडेच दिवस आधीपर्यंत तो कोरियात शिकवत होता. त्यानंतर त्याच वर्षाअखेर कोरियाने परदेशी शिक्षकांसाठी गुन्हे नसल्याचा दाखला आणि आरोग्य तपासणी सक्तीची केली. एका देशातून निसटायचं आणि दुसऱ्या देशात फळ्यासमोर उभं राहायचं, हे थांबवण्यासाठी हा कागद आहे. आपणही आया आहोत. त्यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही.

दाखला कुठला?

इथे मोठा गोंधळ होतो. आपल्याकडे पोलिसांकडून मिळणारा चारित्र्य पडताळणीचा दाखला हा इथल्या नोकरीसाठी असतो. परदेशासाठी सहसा लागतं ते ‘पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट’. ते पासपोर्ट कार्यालय देतं. अर्ज पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर करायचा, फी ५०० रुपये. नाशिकमध्ये पासपोर्ट सेवा केंद्र आहे आणि सप्टेंबर २०२२ पासून पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रांतही या दाखल्याची सोय झाली आहे. (पासपोर्टच्या पुस्तिका आपल्याच नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापल्या जातात, हे किती जणींना ठाऊक आहे?)

पासपोर्टवर माहेरचा पत्ता आणि राहणं सासरी असेल, तर पोलिसांची पडताळणी पुन्हा होईल असं धरूनच चाला. घरात आधी सांगून ठेवा. दारात पोलीस उभा राहिला की सासूबाई घाबरतात आणि गल्लीत भलतीच चर्चा सुरू होते.

हा दाखला फार लवकर काढून ठेवण्यातही अर्थ नाही. बरेच देश सहा महिन्यांच्या आतलाच दाखला मागतात. पदवीचे कागद आधी तयार करा, हा शेवटी काढा. आणि तुम्ही नवऱ्याच्या नोकरीमुळे दुबई-मस्कतला राहून आला असाल तर तिथला दाखलाही लागू शकतो. उदाहरणार्थ, ब्रिटनमध्ये शिक्षिकेच्या नोकरीचा व्हिसा मागताना गेल्या दहा वर्षांत ज्या ज्या देशात बारा महिने किंवा जास्त राहिलात, त्या प्रत्येक देशाचा दाखला द्यावा लागतो. तो देश सोडण्याआधीच काढलेला बरा. नंतर इथून काढणं म्हणजे नाकी नऊ.

कुमारी आणि सौभाग्यवती

आता बायकांची खरी अडचण. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पदवीवरही माहेरचंच नाव. लग्नानंतर पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आणि आडनाव. काही घरांत तर मुलीचं पाळण्यातलं नावही बदलतात! आपल्याला वाटतं, यात काय, सगळ्यांना कळतं. पण परदेशातल्या कार्यालयात बसलेल्या माणसाला या दोन वेगळ्या बायका वाटतात. पदवी एकीची आणि पासपोर्ट दुसरीचा.

आमच्याकडे आलेल्या एका मुलीचं असंच झालं. मुलाखत झाली, शाळेने पसंत केलं. पण कागदांवर तिची तीन नावं होती आणि त्यांना जोडणारा एकही पुरावा नव्हता. लग्न होऊन सहा वर्षं झालेली, लग्नाची नोंदणीच नाही. ‘फोटोंचा अल्बम आहे ना,’ असं घरचे म्हणत होते. अल्बम कोण बघणार? नोंदणी, राजपत्र, पासपोर्ट हे सगळं होईपर्यंत शाळेचं वर्ष सुरू झालं आणि ती जागा गेली. पुढच्या वर्षी तिने पुन्हा अर्ज केला तेव्हा फाइल तयार होती. आज ती मस्कतमध्ये चौथीच्या मुलांना शिकवते.

म्हणून लग्नाची नोंदणी करून घ्याच. महाराष्ट्रात त्यासाठी १९९८ चा कायदा आहे. नाव बदललं असेल तर राज्याच्या राजपत्रात त्याची जाहिरात देता येते, अर्ज ऑनलाइन होतो. आणि एक लक्षात ठेवा, लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. पासपोर्ट माहेरच्या नावाने ठेवता येतो. पदवीवरचं नाव तेच पासपोर्टवर, तर निम्मी कटकट तिथेच संपते. लेकीच्या लग्नात हा विषय बोलून घ्यायला हरकत नाही. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव लावणं राज्य सरकारने सक्तीचं केलं आहे. बाईच्या नावाला कागदावर किंमत येते आहे, ती आपणही जपायला हवी.

पदवीचा प्रवास

कित्येक जणींकडे फक्त गुणपत्रिका असतात. पदवीचं प्रमाणपत्र विद्यापीठातून आणलेलंच नसतं. ते आधी मागवा. आणि कृपा करून लॅमिनेशन करू नका! मूळ कागदाच्या पाठीमागे शिक्के बसतात, स्टिकर लागतं. लॅमिनेशन केलेला कागद बहुतेक ठिकाणी परत करतात.

यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी घेतलेल्या आपल्याकडे खूप जणी आहेत. ती पदवी मान्यताप्राप्तच आहे. पण काही देश आणि शाळा ‘नियमित कॉलेज केलं का?’ असं विचारतात. पैसे भरण्याआधी शाळेकडूनच याचं लेखी उत्तर घ्या.

प्रमाणपत्रावर आधी राज्य शासनाच्या अधिकाऱ्याचा शिक्का होतो, मग परराष्ट्र मंत्रालयाचा. इथे ‘अपोस्टिल’ हा शब्द कानावर येईल. १९६१ च्या हेग करारातले देश एकमेकांचा हा एक शिक्का मानतात. भारत त्यात २००५ साली आला. करारात नसलेल्या संयुक्त अरब अमिरातीसारख्या देशासाठी मंत्रालयानंतर त्यांच्या वकिलातीचा आणि मग तिथे पोचल्यावर तिथल्या मंत्रालयाचा शिक्का लागतो. सौदी अरेबिया डिसेंबर २०२२ मध्ये आणि चीन नोव्हेंबर २०२३ मध्ये या करारात आले. म्हणजे पाच-सात वर्षांपूर्वी गेलेल्या नणंदेने सांगितलेली पद्धत आज तशीच असेल असं नाही.

परराष्ट्र मंत्रालय २०१२ पासून लोकांकडून थेट कागद घेत नाही, नेमलेल्या संस्थांमार्फत घेतं. मंत्रालयाची अपोस्टिलची फी एका कागदाला अवघी ५० रुपये आहे, वर संस्थेचा सेवा आकार. कोणी हजारांत आकडा सांगितला तर कशाचे किती, हे कागदावर लिहून मागा.

एजंटाला विचारायचे प्रश्न

परदेशी नोकरी लावून देणाऱ्याकडे १९८३ च्या कायद्याखालचा केंद्र सरकारचा नोंदणी क्रमांक हवा. तो ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर तपासता येतो. त्याला उमेदवाराकडून ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. पावती मागितल्यावर जो हसतो, त्याच्याकडे परत जाऊ नका.

‘आधी टूरिस्ट व्हिसावर चला, तिथे बदलून देतो,’ असं कोणी म्हटलं तर तिथेच थांबा. टूरिस्ट व्हिसासाठी पोलीस क्लिअरन्स मिळतच नाही, हे त्यालाही माहीत असतं. थायलंडच्या नोकरीच्या नावाखाली आपल्या मुलांना म्यानमारमध्ये नेऊन डांबल्याचे प्रकार घडल्यावर सप्टेंबर २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाला जाहीर इशारा द्यावा लागला होता. मूळ पासपोर्ट आणि मूळ पदवी कोणाकडे ‘ठेवायला’ देऊ नका. दिली तर सही-शिक्क्याची पोच घ्या.

आणि आपल्या गावातली शाळा?

या मुलींच्या फाइली बघताना एक विचार मनातून जात नाही. परक्या देशातल्या मुलांसाठी आपल्या लेकी इतके दाखले गोळा करतात. मग आपल्या मुलांना शाळेत नेणारा व्हॅनवाला, शिपाई, क्लासचे सर, यांची पडताळणी कोणी केली? २०२० च्या पॉक्सो नियमांत मुलांशी नेहमी संबंध येणाऱ्या संस्थांनी कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी करावी, असं स्पष्ट म्हटलं आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाल्याचं उघड झालं, तेव्हा राज्य सरकारला पुन्हा नव्याने आदेश काढावा लागला.

तेव्हा मैत्रिणींनो, लेक परदेशी शिकवायला निघाली असेल तर तिचे कागद नीट लावून द्या. आणि येत्या पालकसभेत उठून एवढंच विचारा, ‘‘सर, आपल्या शाळेतल्या सगळ्यांची पडताळणी झाली आहे का? दाखले बघायला मिळतील का?’’ एकटीने विचारायला संकोच वाटत असेल तर चौघी मिळून विचारा.