पतसंस्थेतली ठेव बँकेइतकी सुरक्षित असते का?

जळगावात मुख्यालय असलेली 'बीएचआर' म्हणजेच भाईचंद हिराचंद रायसोनी पतसंस्था अडचणीत आली आणि हजारो ठेवीदारांचे पैसे अडकले. २०१५ मध्ये तिच्यावर अवसायक, म्हणजे संस्था गुंडाळून देणी भागवणारा अधिकारी, नेमला गेला.

बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळाकडून प्रत्येक ठेवीदाराला एका बँकेमागे व्याजासह ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळतं. फेब्रुवारी २०२० पूर्वी ही मर्यादा १ लाख होती. पतसंस्थांना मात्र हा विमा लागूच नाही.

त्यामुळे जादा व्याज मिळतंय किंवा संचालक ओळखीचा आहे, एवढ्यावर निवृत्तीची पुंजी ठेवू नका. आधी विचारा: ही बँक आहे की पतसंस्था? ठेवीला विमा आहे का? ओळखीचा माणूस प्रामाणिक असेलही, पण ठेव परत करणं त्याच्या एकट्याच्या हातात नसतं.