पहिले मडके पाहुण्यासाठी

मडके म्हटले की आपल्याला चूल आठवते. माणूस शेती करू लागला, एका जागी राहू लागला, मग धान्य शिजवायला आणि साठवायला त्याने भांडी घडवली, हा क्रम शाळेच्या पुस्तकापासून आपल्या डोक्यात पक्का बसलेला आहे. मेक्सिकोच्या दक्षिण टोकाला, ग्वाटेमालाच्या सीमेलगत, सोकोनुस्को नावाची एक चिंचोळी किनारपट्टी आहे. तिथल्या खापरांचा अभ्यास सुरू झाला आणि हा क्रम निदान त्या मुलखापुरता तरी उलटापालटा झाला.

एका बाजूला सिएरा माद्रेचे डोंगर, दुसऱ्या बाजूला पॅसिफिक महासागर, मधे खाड्या, खारफुटी आणि पाणथळ. मडकी येण्याआधी हजारो वर्षे इथली माणसे खाडीतल्या तिसऱ्या, कोळंबी, मासे यांवर जगत होती. त्यांनी टाकलेल्या शिंपल्यांचे कित्येक मीटर उंच ढीग खारफुटीत आजही उभे आहेत. मग इ.स.पू. १९०० ते १७०० या काळात सोकोनुस्कोतल्या मासातान परिसरात कायमची गावे वसली आणि गावांबरोबर मातीची भांडी अवतरली. जॉन क्लार्क आणि मायकेल ब्लेक या पुरातत्त्वज्ञांनी या लोकांना ‘मोकाया’ हे नाव दिले. मिहे-सोके भाषाकुळातल्या जुन्या शब्दांवरून बेतलेल्या या नावाचा अर्थ मक्याची माणसे. त्यांच्या सर्वांत जुन्या भांड्यांना ‘बार्रा’ म्हणतात.

बार्राचे एक भांडे डोळ्यांसमोर आणा. पोट फुगीर आहे. मान नाहीच, काठ आत वळतो आणि तोंड अरुंद होत जाते. अंगावर लाल भोपळ्याच्या फाकांसारख्या पन्हळी ओढल्या आहेत. वर लाल लेप, आणि तो घोटून घोटून आणलेली चकाकी. भिंत इतकी पातळ की आजच्या कुंभारानेही हातात घेऊन पुन्हा पाहावी. आणि हे सगळे चाकाशिवाय! युरोपीय येईपर्यंत अमेरिका खंडात कुंभाराचे चाक नव्हते. हा घाट हातांनी साधलेला आहे.

या बिनमानेच्या घाटाला तिकडे ‘तेकोमाते’ म्हणतात. सुकवलेल्या दुधीभोपळ्याचा देठाकडचा भाग कापला की जो तुंबा होतो, त्याचाच हा मातीतला अवतार. दुधीभोपळा अमेरिका खंडातही मडक्यांच्या हजारो वर्षे आधीपासून माणसाच्या वापरात होता. म्हणजे बार्राच्या कारागिरांसमोर नमुना तयार होता. त्यांनी घाट तुंब्याचा ठेवला, पन्हळी आणि रंग आपले घातले.

उत्खनन करणाऱ्यांना दोन गोष्टींचे नवल वाटले. पहिली म्हणजे इथे शिकाऊ हाताची मडकी नाहीत. जाड, ओबडधोबड, तडकलेली अशी सुरुवात असायला हवी, तर पहिल्याच थरात इतके सफाईदार काम. भांडी भाजण्याची विद्या बाहेरून आली आणि घाट घरचा राहिला, असे क्लार्क म्हणतात, आणि ते पटते. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. या भांड्यांत स्वयंपाकाची साधी, बिननक्षीची मडकी नाहीत. स्वयंपाक होत होता, पण तो दगडांवर. दगड विस्तवात तापवायचे आणि त्यांच्या आचेवर अन्न भाजायचे किंवा शिजवायचे. असे आगीने तडकलेले दगड या गावांच्या मातीत भरपूर मिळतात.

मग ही देखणी भांडी कशाला? क्लार्क आणि ब्लेक यांनी १९९४ मध्ये उत्तर मांडले: पाहुण्यांना पेय द्यायला. या गावांत अजून राजा नव्हता, जन्माने मिळणारे मोठेपण नव्हते. ज्याला चार माणसांत मान हवा, त्याने लोक जमवायचे, खाऊपिऊ घालायचे आणि ते लोकांच्या लक्षात राहील असे करायचे. पेय तुंब्यातूनही देता आले असते, पण तुंबा शेजाऱ्याच्याही घरी होता. लाल, चकाकणारे, आगीतून निघालेले भांडे ज्याच्या अंगणात पहिल्यांदा फिरले असेल, त्याचे नाव गावभर झाले असणार. मात्र चढाओढ हे एकच कारण मला पुरेसे वाटत नाही. लग्नात, मयतीत, पेरणीच्या वेळी गाव एकत्र बसते, तेव्हा पाहुण्याच्या हाती चांगलेच भांडे द्यावे असे यजमानाला मनापासूनही वाटते.

भांड्यात काय होते, याचा एक धागा २००७ मध्ये हाती आला. पासो दे ला आमादा या गावातल्या बार्रा भांड्यातल्या अवशेषात थिओब्रोमिन सापडले. मेसोअमेरिकेत हे द्रव्य कोकोची खूण मानतात. म्हणजे साडेतीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी इथे कोकोचे पेय प्यायले जात होते. ते वाटलेल्या बियांचे असेल किंवा फळातला गोड गर आंबवून केलेले.

मक्याची कथा आणखी वेधक आहे. मका खाणाऱ्याच्या हाडांतल्या कार्बनवर त्याची खूण उरते. ब्लेक आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये या किनाऱ्यावरच्या जुन्या सांगाड्यांची हाडे तपासली, तेव्हा मका हे त्या काळचे मुख्य अन्न नव्हते असे दिसले. मक्याची कणसे तेव्हा लहानच असत. ताटांचा गोड रस काढून आंबवणे, दाण्यांची आंबील किंवा मद्य करणे, हा मक्याचा खरा उपयोग असावा, असे ब्लेक सुचवतात. मक्याच्या माणसांनी मका आधी प्यायला आणि पोटभर खाल्ला तो पुढे.

साधी, बिननक्षीची तेकोमाते पुढच्या ‘लोकोना’ टप्प्यात वाढली आणि तडकलेले दगड कमी होत गेले. मडके चुलीवर चढले ते असे, पाहुणचारानंतर. तोवर पासो दे ला आमादा चांगले मोठे झाले होते. एकाच जागी पुन्हा पुन्हा बांधलेले, सुमारे २२ मीटर लांबीचे घर तिथे सापडले. चेंडूच्या खेळाचे सुमारे ८० मीटर लांबीचे मैदानही सापडले, आजवर ज्ञात असलेले सर्वांत जुने.

तीन हजारांहून अधिक वर्षांनी, पंधराव्या शतकाच्या अखेरीस, अस्तेक राजा आवित्सोत्ल याने हा किनारा जिंकला. सोकोनुस्कोने द्यायच्या खंडणीची यादी मेंदोसा कोडेक्स या चित्रपोथीत रंगवलेली आहे. तीत पिसे आहेत, जग्वारची कातडी आहेत, कोकोची २०० ओझी आहेत. आणि त्याच यादीत कोको पिण्याची भांडीही आहेत, शेकड्यांनी.