काडतुसाला कुलूप

दसरा उलटतो, हळवे भात कापणीला येते, गरव्याच्या लोंब्या दुधात असतात, आणि ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडच्या खाचरांवर डुकरांच्या रात्री सुरू होतात. एका रात्रीत कळप शिरला तर खातो थोडे, लोळून तुडवतो फार. मग बांधावर माळे उभे राहतात. पत्र्याचे डबे बडवले जातात, शेकोट्या पेटतात, दिवाळीतले उरलेले सुतळी बॉम्ब राखणीला येतात. आणि एखाद्या घरातून वाडवडिलांच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक खाली उतरते.

बंदुकीबद्दल गावाला सगळे ठाऊक असते. ती कोणाची, आजोबांना परवाना कधी मिळाला, बार किती लांब जातो. पण तिची दारू कुठल्या डब्यात आहे, टोप्यांची डबी कोणत्या फडताळात आहे, बारा बोअर असेल तर काडतुसे किती उरली आहेत, हे कोणी विचारत नाही. हा लेख त्या न विचारलेल्या प्रश्नाविषयी आहे.

कायद्याने मात्र असा भेद कधीच केलेला नाही. शस्त्र अधिनियम १९५९ चे कलम ३ बंदूक आणि दारूगोळा एकाच वाक्यात घेते. परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही, तसे काडतूसही बाळगता येत नाही. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीनंतर या कलमाच्या भंगाला किमान दोन आणि कमाल पाच वर्षे कैद आणि दंड आहे. बंदूक विकून टाकली, पण माळ्यावर पाच काडतुसे राहिली, तर ती पाच काडतुसेही कायद्याच्या तावडीतच असतात. न्यायालये ताबा जाणीवपूर्वक होता का, हे बघतात. बॅगेच्या कप्प्यात विसरलेले एखादे काडतूस विमानतळावर सापडल्याची कितीतरी प्रकरणे उच्च न्यायालयांनी याच मुद्द्यावर रद्द केली आहेत. पण त्या निकालापर्यंत पोचायला वकील लागतो, तारखा लागतात. टोकावड्याच्या पुढच्या एखाद्या पाड्यावरच्या माणसाला ती वाट परवडणारी नाही.

परवान्याच्या कागदावर दारूगोळ्याचे दोन आकडे असतात. एका वेळी जवळ किती ठेवता येईल, आणि वर्षभरात किती विकत घेता येईल. पहिला आकडा घरासाठी आहे. गेल्या हंगामातले उरले आणि यंदाचे नवे आणले, अशी बेरीज त्या आकड्यावर गेली की परवाना असूनही अटीचा भंग होतो. त्याला कलम ३० आहे : सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चोरी झाली, हरवले, तर विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात कळवणे हीसुद्धा परवान्याची अट आहे. बंदूक चोरीला गेली तर माणूस धावत जातो. चार काडतुसे कमी भरली तर ‘पोरांनी कुठे टाकली असतील’ म्हणून गप्प बसतो. मला भीती वाटते ती या गप्प बसण्याची.

१९६२ चे जुने नियम जाऊन शस्त्र नियम २०१६ आले, तेव्हा साठवणुकीचा विषय अर्जाच्या पहिल्या टप्प्यावरच आला. आता परवाना मागणाऱ्याला सुरक्षा प्रशिक्षण, वैद्यकीय दाखला आणि शस्त्र व दारूगोळा सुरक्षित ठेवण्याची लेखी हमी द्यावी लागते. ही चांगली सुधारणा आहे, आणि मी ती मनापासून मानतो. पण हमीपत्र भरणाऱ्याचे घर कसे आहे, तेही पाहायला हवे.

कारवीच्या कुडाला शेणमातीचा गिलावा, वर कौले किंवा पत्रा, आत एकच मोठी खोली. दाराला कडी आहे, कुलूप जत्रेला जातानाच लागते. अशा घरात मौल्यवान वस्तू ठेवायच्या जागा ठरलेल्या आहेत : आढ्याला टांगलेली पिशवी, कणगीचा तळ, धान्याची कोठी, आणि ओल लागू नये म्हणून चुलीवरचा माळा. बियाणे, सुकी मासळी, पापड यांना धुराची ऊब मानवते. ठासणीच्या काळ्या दारूला तीच जागा सर्वांत वाईट. एक ठिणगी पुरते. आणि कणगीच्या तळाशी ठेवले, तर कोकणातल्या पावसाळ्याची ओल येते. पितळेला हिरवा गंज धरतो, जुनी कागदी नळीची काडतुसे फुगतात आणि नळीत अडकून बसतात. न उडालेल्या काडतुसाशी घरी खटपट करण्यातून अपघात होतात. कोरडी, थंड, चुलीपासून लांब, मुलांच्या हाताला न लागणारी आणि कुलपात असलेली जागा, एवढ्या पाच गोष्टी एकत्र हव्यात. बंदूक रिकामी करून वेगळी, दारूगोळा वेगळ्या कुलपात, आणि दोन्ही किल्ल्या परवानाधारकाच्याच कमरेला. फडताळाच्या खिळ्यावर लटकणारी किल्ली कुलपाचा अर्थच काढून घेते.

ज्या काडतुसाबद्दल आपण बोलतो, ते इथल्या माणसाला दूरचे नाही. दारूगोळ्याला लागणारे पितळ घडवणारा आयुध निर्माणी कारखाना याच जिल्ह्यात, अंबरनाथला आहे. बारा बोअरची काडतुसे घाटावर, खडकीच्या १८६९ सालच्या दारूगोळा कारखान्यात भरली जातात. शहापूर-मुरबाडची कितीतरी माणसे अंबरनाथ-कल्याणच्या कारखान्यांत खपली. कारखान्यात बारूद ज्या शिस्तीने हाताळली जाते, ती शिस्त घराच्या उंबऱ्याशी येऊन का थांबते?

किल्लीचा प्रश्न एकत्र कुटुंबात आणखी अवघड होतो. परवाना माणसाला मिळतो, घराला नाही. वडिलांना गुडघे धरले म्हणून मुलगा बंदूक घेऊन खाचरावर गेला, तर त्याचे नाव परवान्यात नसताना तो ताबा बेकायदा ठरू शकतो, आणि दारूगोळा त्याच्या हाती देणारे वडीलही अडचणीत येतात. परवानाधारकाने सत्तरी गाठली, किंवा शस्त्र पंचवीस वर्षे बाळगले, तर वारसाच्या नावे परवाना मागण्याची सोय २०१६ च्या नियमांत आहे. वेळेवर वापरली तर ही सोय घरातली लपवाछपवी थांबवते. गावात तिची माहिती फारच कमी आहे.

पण शहापूर-मुरबाडची खरी वेगळी गोष्ट शस्त्र कायद्यात नाही, वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये आहे. त्याचे कलम ३४ सांगते की अभयारण्यात किंवा त्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या प्रत्येक शस्त्र परवानाधारकाने मुख्य वन्यजीव रक्षकाकडे नोंदणी करायची आहे. त्या दहा किलोमीटरांत नवा परवाना त्यांच्या पूर्वसंमतीशिवाय देता येत नाही. आता नकाशा उघडा. शहापूर तालुक्यात तानसा अभयारण्य आहे. मुरबाडच्या पूर्वेला भीमाशंकर अभयारण्य सह्याद्री उतरून सिद्धगडाखाली येते. माळशेजच्या वर कळसूबाई-हरिश्चंद्रगड. दोन्ही तालुक्यांतल्या कितीतरी गावांना हे कलम लागू पडते. शिवाय लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात शिरायला कलम ३१ ने मनाई आहे. पाड्यावरून शेताकडे जाणारी पायवाट जर हद्दीतून जात असेल, तर खांद्यावरची बंदूक आणि खिशातली काडतुसे त्या वाटेवर गुन्हा होऊ शकतात. आणि पीकसंरक्षणाचा परवाना म्हणजे डुक्कर मारायची परवानगी नव्हे. ती वनखात्याकडून वेगळी घ्यावी लागते. ही तीन वाक्ये मराठीत छापून प्रत्येक परवान्याला टाचून दिली पाहिजेत, असे मला वाटते.

सिद्धगडाचे नाव आले की इथला माणूस २ जानेवारी १९४३ ची पहाट आठवतो. स्वातंत्र्यलढ्यातले भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथेच पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाच्या हातून शस्त्र काढून घेतले होते, आणि १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्क घातला होता. स्वातंत्र्यानंतरच्या १९५९ च्या कायद्याने हा हक्क दिला नाही. पण शेतकऱ्याला एक आधार दिला : खऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्याला, इतर अडचण नसेल तर, परवाना द्यावा असे कलम १३ म्हणते. शेतकऱ्यावर ठेवलेला हा विश्वास आहे. म्हणूनच तो सांभाळायची जबाबदारी मोठी आहे.

हा सांभाळ सुटला की काय होते, ते शेजारच्या पालघर जिल्ह्यात दिसले. २०२५ च्या सुरुवातीला मनोरजवळच्या बोरशेतीच्या जंगलात डुकराच्या शिकारीला गेलेल्या गावकऱ्यांपैकी एकाला, डुक्कर समजून झाडलेली गोळी लागली आणि तो गेला. बातमी चार दिवस चालली. गोळी कोणाच्या घरातून, कोणत्या कुलपातून बाहेर पडली, यावर चर्चा झाली नाही.

जर्मनीत झाली. ११ मार्च २००९ रोजी विन्नेन्डन गावातल्या शाळेत आणि तिथून पळताना एका मुलाने पंधरा जणांचे प्राण घेतले. वडील नेमबाज, बाकीची शस्त्रे तिजोरीत, एक पिस्तूल मात्र झोपायच्या खोलीतल्या कपाटात. पुढे वडिलांवर निष्काळजीपणाचा गुन्हा शाबित झाला, आणि साठवणूक घरी येऊन तपासण्याचा अधिकार प्रशासनाला कायद्याने मिळाला. आपल्याकडे लोकांच्या घरांत पोलिसांनी उठसूट शिरावे असे मी म्हणणार नाही. पण नूतनीकरणाची तपासणी होते तेव्हा बंदुकीचा क्रमांक पाहणाऱ्या जमादाराने काडतुसे मोजावीत, पेटी पाहावी. आणि पीकसंरक्षणाचा परवाना देणाऱ्या जिल्हा प्रशासनाने भिंतीत बसवायची एक लोखंडी पेटी अनुदानातून द्यावी. फवारणी पंपाला अनुदान मिळते, तर या पेटीला का मिळू नये?

निवडणुकीत हा प्रश्न दर वेळी नव्याने उभा राहतो. २०२४ साली विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली, मतदान २० नोव्हेंबरला झाले. भाताच्या राखणीचे हेच दिवस. सरसकट सगळ्यांची शस्त्रे जमा करू नयेत, छाननी समितीने माणूसपरत्वे ठरवावे, असे मुंबई उच्च न्यायालयाने गोव्यातल्या एका प्रकरणात २००९ साली स्पष्ट केले आहे. ज्याला जमा करायला सांगितले, त्याने बंदुकीबरोबर काडतुसेही द्यावीत आणि पावतीवर दोन्हींची नोंद पाहून घ्यावी. बंदूक ठाण्यात आणि दारूगोळा घरात, अशी विभागणी होऊ देऊ नये.

सर्वांत नाजूक वेळ परवानाधारकाच्या मृत्यूनंतर येते. तेरावे उरकते, आणि कोणीतरी माळ्यावरची ट्रंक उघडते. जुनी पासबुके, सातबारा, एक टोपी, आणि गोवऱ्यांच्या राखेत ठेवलेली काडतुसे. परवानाधारक गेला त्या क्षणापासूनच ती बाळगण्याचा हक्क घरात कोणाला राहिलेला नसतो. कलम २१ म्हणते की ताबा कायदेशीर राहिला नाही तर विनाकारण उशीर न लावता वस्तू जवळच्या पोलीस ठाण्यात, किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे, जमा करावी. वारसाला परवाना मिळाला तर ती परत मिळते, नाहीतर पात्र माणसाला विकून पैसे घेता येतात. ठरलेल्या मुदतीत कोणी न्यायला आले नाही तर ती सरकारजमा होते. डोळखांबच्या माणसाने किन्हवलीला आणि माळशेजखालच्या माणसाने टोकावड्याला जायचे आहे. ट्रंक उघडली त्याच दिवशी, मोजून, कागदावर संख्या लिहून, आणि पावती घेऊनच परतायचे.