खाणीचा कडा आणि भेगांचा कल

खाणीचा कडा सहसा पडतो तो दगड कच्चा म्हणून नव्हे, तर त्यातल्या भेगांमुळे. सह्याद्रीचा बेसॉल्ट कमालीचा कठीण. पण लाव्हाच्या दोन थरांमध्ये अनेक ठिकाणी तांबडा, मातकट पट्टा असतो आणि तो भेगेसारखाच कमकुवत ठरतो. म्हणून आधी भेगांचा कल मोजावा: भेग खाणीच्या पोकळीकडे झुकलेली आणि कड्याहून कमी उताराची असेल, तर वरचा दगड घसरायला वाट मोकळी. 'इतकी वर्षं उभा आहे की' हे उत्तर पुरेसं नाही; भेगेत पावसाचं पाणी तुंबलं की त्याच्या दाबाने घर्षण घटतं आणि उन्हाळ्यातला भक्कम कडा जुलैत ढासळतो.

अमेरिकेतल्या बिंगहॅम कॅन्यन तांबेखाणीत एप्रिल २०१३मध्ये प्रचंड दरड कोसळली. हालचाल रडारसारख्या उपकरणांनी आधीच टिपल्याने कुणालाही इजा झाली नाही. छोट्या खाणीला रडार परवडत नाही, हे खरंच. पण माथ्यावरच्या तड्याच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून रोज अंतर मोजायला साधी टेप पुरते.